आजोबांची थ्री नॉट थ्री आणि तुर्भ्याचा गाळा

पत्र : मी ऐरोलीत राहतो, वय ३९, नोकरी महाप्याला. माझे आजोबा मराठा लाइट इन्फंट्रीत होते, दुसऱ्या महायुद्धात इटलीत लढले. संगमेश्वरच्या घरी ओटीवर बसून ते गोष्टी सांगायचे, त्यात 'थ्री नॉट थ्री' हटकून यायची. तशी एक रायफल आपल्या भिंतीवर असावी अशी फार दिवसांची इच्छा आहे. जुन्या रायफलींचे नंबर वाचून दाखवणाऱ्या एका दाढीवाल्याचे व्हिडिओही बघत असतो. ट्रेकच्या ग्रुपमधल्या एकाच्या ओळखीने तुर्भ्याच्या एका गाळ्यात गेलो. तिथला माणूस म्हणतो, लष्कराच्या लिलावातला सरप्लस माल आहे, चालू कंडिशन, १ लाख ४० हजार. जुनी आहे, अँटिक आहे, परवाना लागत नाही, हवे असतील तर कागद मागाहून करून देतो. १० हजार टोकन दिलंय. चार फोटो पाठवतोय. रायफल अस्सल आहे हे कसं ओळखायचं? किंमत बरोबर आहे का? हे जमत नसेल तर सेकंडहँड .३१५ घ्यावी का? बायको म्हणते, डोकं फिरलंय तुमचं.
ता. क. आजोबांच्या ट्रंकेत बोटाएवढी एक पितळी बाटली सापडली. टोपणाला आतून लांब दांड्याचा चमचा आहे. ही कसली?

उत्तर :

त्या गाळ्यात पुन्हा पाऊल टाकू नका. उरलेले पैसे देऊ नका. आणि ते चार फोटो फोनमधून उडवू नका. का, ते पुढे येईलच.

मी एकतीस वर्षं पोलीस शस्त्रागारात आर्मरर, म्हणजे हत्यारं तपासणारा-दुरुस्त करणारा, होतो. थ्री नॉट थ्री किती वेळा उघडली आणि जोडली याचा हिशेब मी कधी ठेवला नाही. त्यामुळे तुमचा पहिला फोटो बघून, खोटं कशाला बोलू, बरं वाटलं. जुना सहकारी बाजारात अचानक समोर यावा तसं. मग दुसरा फोटो बोटांनी मोठा केला आणि चहा तसाच राहिला.

तुम्ही ओळखायचं कसं असं विचारलंय, तर फोटोंवरूनच सांगतो. बोल्ट म्हणजे काडतूस आत ढकलून नळी मागून बंद करणारा दांडा. त्याच्या मुठीच्या खाली, उजव्या अंगाला, लाकडी बट जिथे लोखंडात शिरतो तिथे एक कडं असतं. त्याला बट सॉकेट म्हणतात. ली-एन्फिल्डचा, म्हणजे आपल्या थ्री नॉट थ्रीचा, जन्मदाखला तिथे ठोकलेला असतो. तुमच्या फोटोत वरपासून खाली असं आहे : मुकुट, जी. आर. आय., इशापूर, १९४३, नंबर १ मार्क ३ आणि शेवटी एक तारा. जी. आर. आय. म्हणजे जॉर्ज रेक्स इम्पेरेटर, राजा आणि सम्राट जॉर्ज. हिंदुस्थानात तो सम्राट, म्हणून इशापूरच्या शिक्क्यात 'आय' आहे. विलायतेत बनलेल्या रायफलीवर नुसतं जी. आर. असतं. इशापूर म्हणजे कोलकात्याच्या वर, हुगळीकाठचा सरकारी रायफल कारखाना. आणि तो तारा. लोकांना वाटतं वरच्या प्रतीचा माल. प्रत्यक्षात ती काटकसरीची खूण. पहिल्या महायुद्धात रायफली भराभर हव्या होत्या, तेव्हा मूळ मार्क ३ मधली मॅगझिन बंद करणारी पट्टी आणि लांब पल्ल्याची बाजूची साइट काढून टाकली. जे उरलं त्याच्यापुढे तारा.

आता या शिक्क्यावर एक साधं गणित करायचं असतं. व्ही. आर. म्हणजे व्हिक्टोरिया, ती गेली १९०१ मध्ये. ई. आर. म्हणजे एडवर्ड, १९१० पर्यंत. पुढे जी. आर., मग १९५० च्या आसपास इशापूरच्या रायफलीवर मुकुट जाऊन अशोकस्तंभाचे सिंह आले. राणीचं अक्षर आणि खाली १९१९ साल, अशी रायफल दिसली की समजायचं, ही खैबर खिंडीकडच्या एखाद्या लोहाराने बनवली. दर्रा आदमखेल गावात पिढ्यान् पिढ्या हाच धंदा आहे. कारागिरी अशी की तोंडात बोट घालावं, पण इंग्रजी वाचता येत नसल्यामुळे एन्फिल्डमधला 'एन' आरशात बघितल्यासारखा उलटा. तुमच्या फोटोतल्या शिक्क्यात तसं काही नाही. राजा, साल, कारखाना तिन्ही जुळतात. अक्षरांच्या कडा थोड्या बुजल्यात, वर काळा रंग चढलाय, पण अक्षरं एका ओळीत आणि एका खोलीची आहेत. तेव्हा तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर, हो, ती अस्सल इशापूर आहे. आणि गोची तिथेच आहे. नकली असती तर तुम्ही नुसते फसला असता.

तिसऱ्या फोटोत बोल्टच्या मुठीच्या मुळाशी एक नंबर आहे, आणि बॉडीवर पुढच्या कड्याला दुसराच. ली-एन्फिल्डमध्ये बोल्टचा नंबर आणि बॉडीचा नंबर एक असायला हवा. तोच नंबर नळीवर, पुढच्या नोजकॅपवर, मागच्या साइटच्या पानावरही ठोकतात. हा हट्ट कशासाठी, तर या रायफलीत गोळीचा सगळा धक्का झेलणारे बोल्टचे कान मागे असतात, आणि ते त्याच बॉडीत घासून बसवलेले असतात. एकाचा बोल्ट दुसऱ्यात घातला तर घट्ट बसल्यासारखा वाटतो, बंदही होतो. पण काडतुसाच्या बुडाची कड आणि बोल्टचं तोंड यांच्यात किती फट राहिली ते डोळ्याला दिसत नाही. त्यासाठी गेज असतात : ०.०६४ इंचावर बोल्ट बंद झाला पाहिजे, ०.०७४ वर बंद होता कामा नये. फट वाढली की पितळी केस ताणते आणि मधूनच तुटते. त्या वेळी तुमचा डोळा बोल्टपासून वीतभर अंतरावर असतो. गाळ्यातला माणूस 'घोडा ओढून दाखवतो' म्हणाला असेल तर त्याला घोडा आणि चाप यातला फरकही माहीत नाही, गेज तर लांबच.

आणि आता तो दुसरा फोटो. नळीच्या बुडाशी डी. पी. अशी दोन अक्षरं आहेत, आणि बटाभोवती रंगाचा पांढरा पट्टा आहे, खरवडून काढायचा प्रयत्न झालेला. डी. पी. म्हणजे ड्रिल पर्पज. फायरिंगला बाद झालेली रायफल, फक्त कवायतीसाठी. एनसीसीच्या पोरांनी खांद्यावर घेऊन दहिने-बाएं केलेली. अशा रायफलीचे नंबर न जुळणं ही नवलाची गोष्ट नाही. जे हाताला लागेल ते एकत्र करून ती बनवतात, कारण तिने गोळी झाडायचीच नसते. 'चालू कंडिशन' म्हणतो ती ही. पांढरा पट्टा खरवडणाऱ्याला तो कशासाठी होता ते पक्कं माहीत होतं.

चौथ्या फोटोत नळीचं तोंड आहे. ते गोल राहिलेलं नाही, एका बाजूला किंचित ओघळलंय. हे गोळीने होत नाही, दोरीने होतं. पुलथ्रू म्हणजे नळी साफ करायची दोरी, एका टोकाला पितळी वजन, दुसऱ्या टोकाला फ्लॅनेलची चिंधी. वजन आत सोडायचं, तोंडाकडून ओढायची. सरळ ओढली तर ठीक, पण शंभर पोरांतली नव्वद ती तिरकी ओढतात, आणि दोरीत धूळ असते. तीस वर्षांत लोखंड झिजतं. विहिरीच्या काठावर दोराने खाचा पडतात ना, तसंच. आम्ही नवीन शिपायाला पहिल्या दिवशी हेच शिकवायचो, आणि फायरिंगवरून आल्यावर नळीत उकळतं पाणी ओतायला. जुन्या काडतुसाच्या टोपीतून क्षार सुटतात, ते तेलात विरघळत नाहीत, पाण्यात विरघळतात. रात्रभर तशीच ठेवली तर सकाळी नळीत तांबूस गंज. शस्त्रागाराच्या मागच्या अंगाला मोठं जर्मनचं पातेलं चुलीवर असायचं. एकदा त्यात कोणीतरी चहा टाकला होता. असो.

आता कायदा. शस्त्र अधिनियम १९५९ आणि शस्त्र नियम २०१६. त्यात बंदुकांची विभागणी आहे, आणि .३०३ व ७.६२ ही सैन्या-पोलिसांची काडतुसं ज्यात चालतात त्या रायफली 'प्रोहिबिटेड बोअर', म्हणजे मनाई असलेल्या नळीमापाच्या, बोलीत पीबी. तिचा परवाना दिल्लीहून, केंद्रीय गृह मंत्रालयाकडून मिळतो आणि अत्यंत तुरळक लोकांना मिळतो. भिंतीवर लावायची आहे या कारणासाठी तर नाहीच. परवान्याशिवाय कुठलीही बंदूक बाळगली तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान २ वर्षं आणि जास्तीत जास्त ५ वर्षं कैद. प्रतिबंधित हत्याराचं कलम लागलं तर किमान ७ आणि १४ वर्षांपर्यंत. तुमच्या चौकशीत 'टोकन दिलं होतं' ही ओळ वाचायला कशी वाटेल याचा विचार करा.

'अँटिक आहे, परवाना लागत नाही' हे वाक्य मी आजवर निदान पन्नास जणांच्या तोंडून ऐकलंय. त्याच्या मुळाशी एक खरी तरतूद आहे, अर्धवट ऐकलेली. कलम ४५ म्हणतं की जुन्या घडणीचं, पुराणवस्तू म्हणून मोल असलेलं किंवा नादुरुस्त हत्यार, जे दुरुस्त करून किंवा न करता बंदूक म्हणून वापरता येत नाही, त्याला हा कायदा लागू नाही. वजन शेवटच्या शब्दांवर आहे. दुरुस्त करूनही चालणार नाही, अशी अवस्था हवी, आणि ती ठरवणार परवाना देणारं कार्यालय, गाळ्यातला माणूस नव्हे. कवायतीची रायफल तर चांगल्या फिटरच्या हातात पुन्हा जिवंत होऊ शकते. पुराणवस्तूंचा १९७२ चा कायदा वेगळा आहे आणि त्यात १०० वर्षं लागतात. १९४३ ची रायफल २०४३ मध्ये शंभरीची होईल.

आणि लिलाव? लष्कराच्या डेपोतून लिलावात निघतात त्या गाड्या, तंबू, बूट, भंगार लोखंड. धड रायफल हातोड्याखाली येत नाही, ती कापून वितळवली जाते. सैन्यातून कायदेशीरपणे बाहेर येणारी हत्यारं अगदीच नाहीत असं नाही. एनएसपी म्हणजे नॉन सर्व्हिस पॅटर्न, जबलपूरच्या केंद्रीय आयुध डेपोतून सैन्यातल्या आणि निवृत्त लोकांना, परवान्यावर, पुढे विकायची बंधनं घालून. काही अधिकाऱ्यांनी ती बाहेर विकल्याचं राजस्थानातलं प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. पण त्याला कागद असतो, नंबर असतो, नाव असतं. कवायतीची रायफल ही सरकारी मालमत्ता. ती तुर्भ्याच्या गाळ्यात कशी आली याचं उत्तर एकच असू शकतं, आणि ते लिलाव नाही.

तुम्ही ज्या व्हिडिओंचा उल्लेख केलाय ते अमेरिकेतले आहेत. तिकडे 'मिलसर्प', म्हणजे मिलिटरी सरप्लस गोळा करणं, हा मोठा छंद आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर देशोदेशीच्या फौजांनी जुना माल मोडीत काढला, तो जहाजं भरभरून तिकडे गेला. आपल्या इशापूरच्या रायफलीसुद्धा गेल्या. त्यातली २ए१ तिकडच्या लोकांना फार आवडते. १९६२ च्या चीन युद्धानंतर इशापूरने जुन्या ली-एन्फिल्डचाच साचा घेऊन, पण जास्त चांगल्या पोलादात, ७.६२ ची रायफल काढली. मॅगझिन १२ राउंडचं, जरा चौकोनी. तिकडे पन्नास वर्षांवरच्या बंदुकांसाठी संग्राहकांचा वेगळा परवाना असतो, आयात करणाऱ्याचं नाव नळीवर कोरायची सक्ती असते. म्हणून तो दाढीवाला व्हिडिओत निवांतपणे बोल्ट मागेपुढे करत नंबर वाचून दाखवतो. नंबर वाचायची त्याची पद्धत बरोबरच आहे. शिका त्याच्याकडून. फक्त त्याचा कायदा त्याच्या गावात आणि तुम्ही ऐरोलीत.

किमतीबद्दल काय बोलू. जी वस्तू विकताच येत नाही तिची किंमत बरोबर कशी असेल? कवायतीच्या रायफलीचे सुटे लाकूड-लोखंड म्हणून दोन हजारसुद्धा जास्त झाले.

आता .३१५. हा प्रश्न रास्त आहे, कारण .३१५ ची इंडियन ऑर्डनन्सची स्पोर्टिंग रायफल ही ली-एन्फिल्डची सख्खी बहीण. तोच कारखाना, तोच बोल्ट, फक्त लाकूड अर्ध्या नळीपर्यंत आणि काडतूस निराळं, ८ मिलिमीटरचं. इंग्रजांना भीती होती की फौजेतून चोरलेलं काडतूस साध्या माणसाच्या रायफलीत चालेल, म्हणून साहेबाच्या शिकारीच्या आणि संस्थानिकांच्या रायफलींना निराळी काडतुसं दिली. साहेब गेला, भीती कायद्यात राहिली. .३१५ नॉन-प्रोहिबिटेड आहे, परवाना आयुक्त देऊ शकतात. पण ही बहीण दिसायला इतकी सारखी आहे की त्यातून घोटाळे होतात. एक सांगतो.

निवडणुका लागल्या की परवान्याच्या बंदुका पोलिसांत जमा कराव्या लागतात. अशाच एका निवडणुकीत ठाण्यातल्या जुन्या चाळीतले एक गृहस्थ, सत्तरीचे, गोधडीत गुंडाळून रायफल घेऊन आले. परवान्यावर लिहिलेलं .३१५. वडिलांनी १९५० च्या सुमाराला घेतलेली, यांनी नूतनीकरण करत आणलेली. लाकूड पुढून कापून पॉलिश केलेलं, नोजकॅप नाही, दिसायला शिकारी रायफल. मी सवयीने बोल्ट काढला, मागून कागदाचा पांढरा तुकडा धरला आणि तोंडाकडून बघितलं, मग सॉकेटवरचं पॉलिश अंगठ्याने घासलं. खाली शिक्का, इशापूर १९१७, एसएचटी एलई ३, म्हणजे फौजेचीच ली-एन्फिल्ड. मी नळीचं माप घेतलं. .३०३. त्या म्हाताऱ्या गृहस्थांनी तीन कप पाणी प्यायलं. सत्तर वर्षं घरात एक गोळी झाडलेली नाही, दसऱ्याला हळद-कुंकू वाहिलेलं, आणि आता ते पीबी हत्यार बाळगणारे. चूक कोणाची होती ते कळून पुढे सुटले, पण पावणेदोन वर्षं बिचारे हेलपाटे घालत होते. म्हणून सेकंडहँड .३१५ कोणी दाखवली तर परवान्यावरचं बोअर वाचून समाधान मानायचं नाही, परवानाधारक विक्रेत्याच्या आर्मररकडून चेंबरचं आणि नळीचं माप घ्यायचं.

पण तुम्हाला ती हवी कशाला, हा माझा प्रश्न आहे आणि आयुक्तालयातला कारकूनही हेच विचारणार. अर्ज ऑनलाइन भरता येतो. पोलीस चौकशी होते, वैद्यकीय दाखला लागतो, सुरक्षा प्रशिक्षण करावं लागतं, घरात ती ठेवायची कुठे हे सांगावं लागतं. परवान्याला राष्ट्रीय डेटाबेसमधला यूआयएन क्रमांक असतो; तो नसलेला परवाना हा परवाना नव्हे. एका माणसाला आता दोनच बंदुका, पूर्वी तीन होत्या. मूळ मालकाने विकायची असेल तर त्याने किमान ४५ दिवस आधी लेखी कळवावं लागतं. हे सगळं करता येतं, करणारे आहेत. पण सगळ्याच्या आधी कारण लागतं. शिकार १९७२ पासून बंद. ऐरोलीत तुमच्या जिवाला धोका आहे असं पत्रावरून दिसत नाही, बायकोचा राग सोडला तर. आणि एक फसगत टाळा : ऐरोली ठाणे जिल्ह्यात, ठाणे तालुक्यात, पण पोलीस नवी मुंबईचे. आधारकार्डावर ठाणे लिहिलंय म्हणून कळवा पुलाजवळच्या ठाण्याच्या आयुक्तालयात रांगेत उभे राहणारे मी पाहिलेत. तुमचं कार्यालय बेलापूरला.

संगमेश्वरला जमीन असेल आणि डुकरं-माकडं पिकाची नासधूस करत असतील तर ती गोष्ट वेगळी. पीक संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना द्यायची तरतूद कायद्यातच आहे, कलम १३ मध्ये. तो रत्नागिरीच्या जिल्हाधिकाऱ्यांकडे. कोकणात घरटी नाही तरी वाडीटी एक ठासणीची बंदूक आजही सापडते. पण ती शेती करणाऱ्याच्या हातात शोभते, महाप्याच्या लॅपटॉपवाल्याच्या भिंतीवर नाही.

रायफल हातात धरायचीच हौस असेल तर क्लबात नाव घाला. १० मीटर एअर रायफलपासून सुरू करा, जमलं तर .२२ वर जा. २०२४ ला पॅरिसमध्ये आपल्या कोल्हापूरकडच्या स्वप्निल कुसाळेने ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक आणलं, ते .२२ वरच. भिंतीसाठीच हवी तर लाकडी डमी करून घ्या. चांगला सुतार शिसवीत अशी करून देईल की लांबून मीही फसेन. फक्त ती लोकलमधून नेऊ नका. आणि सोबत संगीन लावायचा मोह आवरा. १९०७ पॅटर्नच्या संगिनीचं पातं १७ इंचांचं असतं, ते बाळगायचा प्रश्न पुन्हा कायद्यातच जाऊन अडकतो.

फोटो का ठेवायचे ते आता. शस्त्र अधिनियमाचं कलम ३६ सांगतं की या कायद्याखालचा गुन्हा होतोय हे कळलं तर जवळच्या पोलीस ठाण्याला किंवा दंडाधिकाऱ्याला कळवणं हे नागरिकाचं कर्तव्य आहे. तुम्ही टोकन दिलेलं असल्यामुळे एकटे जाऊ नका. आधी फौजदारी काम बघणारा वकील गाठा, घडलं तसं तारीखवार लिहून काढा, तो माणूस काय बोलला ते त्याच्याच शब्दांत, आणि मग लेखी अर्ज द्या, पोच घ्या. टोकन ऑनलाइन दिलं असेल तर त्याची नोंद जोडा. रोख दिलं असेल तरी तसं लिहा. ट्रेकच्या ग्रुपवर यातलं काहीही टाकू नका, ज्याने ओळख करून दिली त्याला 'सावध' तर मुळीच करू नका. दहा हजार गेले असं धरून चाला.

आजोबांबद्दल एक. तुमच्या मनात 'आजोबांची रायफल' आहे. फौजेत रायफल पलटणीची असते. सुट्टीवर निघाला, इस्पितळात गेला, बदली झाली की कोतमध्ये, म्हणजे पलटणीच्या शस्त्रागारात, जमा, परत आला की जी वाट्याला येईल ती. इटलीत त्यांच्या खांद्याला दोन-तीन तरी लागून गेल्या असतील. त्यांच्या नावाने जे खरंच जपलं गेलंय ते कागदावर आहे. मराठा लाइट इन्फंट्रीचं रेजिमेंटल सेंटर बेळगावला आहे, तिथल्या रेकॉर्ड ऑफिसला त्यांचा नंबर, हुद्दा आणि बटालियन लिहून पत्र पाठवा. नंबर माहीत नसेल तर पेन्शनच्या जुन्या पुस्तकात किंवा पदकाच्या कडेवर बघा. त्या काळच्या बऱ्याच पदकांच्या कडेला नंबर आणि नाव कोरलेलं असतं, भिंगाने दिसतं. ठाण्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातही विचारा. पहिली बटालियन असेल तर १९४५ च्या एप्रिलमध्ये सेनिओ नदीवर नामदेव जाधवांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला ती लढाई. तिसरी असेल तर त्याच्या आदल्या वर्षी जुलैमध्ये धारातीर्थी पडलेले यशवंत घाडगे, ज्यांचा पुतळा माणगावात आहे. गावी जाताना एसटी तिथूनच जाते.

आता ती पितळी बाटली. ती वाचली आणि मी खुर्चीत सरळ बसलो. ही तेलाची बाटली आहे, ली-एन्फिल्डचीच. रायफलीच्या बटाच्या मागे पितळी पाटा असतो, त्याला एक छोटं झाकण. ते उघडलं की लाकडात आत पोकळी, आणि त्यात दोनच वस्तू : पुलथ्रूची गुंडाळलेली दोरी आणि ही बाटली. चमच्याने एका वेळी थेंबभर तेल बोल्टवर सोडायचं. बाटलीच्या बुडाशी किंवा मानेवर बारीक शिक्का बघा. बाणासारखी खूण आणि तिच्याखाली इंग्रजी 'आय' असेल तर तो हिंदुस्थान सरकारचा माल. सरप्लस ज्याला म्हणतात तो तुमच्याकडे आधीच आहे, आणि गाळ्यातल्या त्या रायफलीपेक्षा याची वंशावळ पक्की. असल्या किरकोळ वस्तूला परवाना लागत नाही. कलम ४५ मध्येच पुढे म्हटलंय की पूरक भागांबरोबर वापरायचा हेतू नसलेले हत्याराचे किरकोळ भाग कायद्याबाहेर. दोरीही ट्रंकेत असेल, नीट शोधा. बहुतेकदा ती सुतळी समजून कशाला तरी बांधलेली असते.

बाटली ब्रासोने घासू नका, शिक्का जाईल. नुसती मऊ फडक्याने पुसा. टोपण अडकलं असेल तर पक्कड लावायची नाही. आत चामड्याचा वॉशर असतो, तो तेलाने चिकटून बसतो. बाटली दहा मिनिटं कोमट पाण्यात धरा आणि रबरी हातमोजा घालून हळूहळू फिरवा. जोर केलात तर चमच्याचा दांडा मुळाशी मोडतो, आणि तो पुन्हा झाळून घेतला तरी बाटलीच्या तोंडातून आत जात नाही.